चोवीस सेकंदांचा ड्रम

माळावरच्या चेंबरजवळ २०० लिटरचा रिकामा ड्रम ठेवला, पाइपाचं तोंड त्यात वळवलं आणि मोबाइलवर वेळ लावली. काठोकाठ भरायला २४ सेकंद लागले. पुन्हा मोजलं, २५. तिसऱ्यांदा परत २४. म्हणजे सेकंदाला साधारण ८.३ लिटर. खाली नदीकाठच्या शेडमध्ये बसलेला पंप १० एचपीचा. त्याच्या नेमप्लेटवर कोरलंय, हेड, म्हणजे चढ आणि घर्षण मिळून पंपानं पेलायची उंची, २९ मीटर, आणि डिस्चार्ज, म्हणजे सेकंदाला पडणारं पाणी, १४ लिटर.

आमचं गाव निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठावर. भुदरगडातल्या पाटगावच्या धरणातून सुटलेलं पाणी कागलकडून आमच्याकडं येतं. बंधाऱ्यांना बरगे घातले की उन्हाळ्यातही डोहाला पाणी असतं. नदीलगतच्या काळ्या रानाला पाण्याची अडचण कधीच नव्हती. अडचण होती ती वरच्या माळाची. तिथं तीन एकर ऊस आहे आणि मामांचा सगळा जीव त्या उसात. (आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात.)

थ्री-फेज वीज आमच्या फीडरला दिवसाला सात तास. एका एकराला साडेसात सेंटिमीटर पाणी पाजायचं तर तीन लाख लिटर लागतं. सेकंदाला ८.३ लिटरनं त्याला दहा तास होतात. म्हणजे एक एकर एका दिवसात भिजत नाही. राहिलेल्या सऱ्या दुसऱ्या दिवशी, तोवर पहिल्या सऱ्यांत वाफसा आलेला असतो, आणि तिसरा एकर भिजेपर्यंत पहिल्यातली पानं दुपारची गुंडाळायला लागलेली असतात. हेच पाणी सेकंदाला १४ लिटर आलं तर एकर सहा तासांत उरकतो, वीज जायच्या आत. आमचा सगळा प्रश्न या सहा आणि दहा तासांमधला होता.

पंपाच्या दुकानात मामा गेले तेव्हा त्यांना सांगितलं गेलं, "मोटर दमलीया. पंधराची बसवा." मामांनी जवळजवळ ठरवलंही होतं. पण कर्नाटकात शेतीपंपाला वीज मोफत आहे ती १० एचपीपर्यंतच. पलीकडं कागलमध्ये माझ्या माहेरच्यांना २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिल नाही, आमच्याकडं दहापर्यंत. पंधराची मोटर बसली की मीटर आला, आणि तो उसाच्या प्रत्येक पाण्याला फिरणार. शिवाय आमच्या मोटरीचं वाइंडिंग नवं होतं आणि इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक, तोही बदलून झाला होता. ती दमलीय असं मला वाटत नव्हतं. मी मामांना आठ दिवस मागितले. मामा म्हणाले, "आठ काय, पंधरा घे. ऊस तेवढा दम काढील."

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. बी.एस्सी.ला माझं फिजिक्स होतं. बर्नुलीचं समीकरण पाठ, आणि त्याच्या आधीचं वाक्यही पाठ: घर्षण नगण्य आहे असे मानू. वर्गात हे वाक्य मीही अनेकदा फळ्यावर लिहिलं. आमच्या माळावर घर्षण किती आहे हे मोजायला बसले तेव्हा ते वाक्य किती मोठी सवलत मागतं हे कळलं.

हिशोबाला चार गोष्टी लागतात. पाणी किती जातंय, पाइप किती लांब, आतून किती रुंद, आणि पाणी किती उंच चढवायचं. पहिली ड्रमनं दिली. लांबीसाठी टेप लावायची गरज पडली नाही. पीव्हीसीचा नग सहा मीटरचा, आणि पाइपलाइन टाकली त्या वर्षीच्या वहीत मामांनी १६० नग लिहून ठेवलेत. ९६० मीटर.

रुंदीत मी चुकले. पाइप "चार इंची", ११० मिलिमीटरचा, म्हणून मी ११० धरून सगळं गणित मांडलं आणि घर्षण पावणेसहा मीटर आलं. दोन दिवस त्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढचं सगळं बसवत होते. मग शेडच्या कोपऱ्यात जुना तुकडा दिसला. आमचे हे बेळगावला उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहेत. शनिवारी येताना त्यांनी व्हर्नियर आणला होता. तुकड्याची भिंत मोजली, साडेतीन मिलिमीटरच्या वर. पीव्हीसी पाइपावर लिहिलेला आकडा बाहेरचा असतो. आमचा पाइप ६ केजीचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाब सोसणारा, आणि आतून तो फक्त १०३ मिलिमीटर. सात मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो. पण पाणी तेवढंच ठेवलं तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. ११० ऐवजी १०३ घातले आणि पावणेसहाचे आठ मीटर झाले. ज्या घरात पाइपलाइनचा हिशोब होणार आहे त्या घरानं आधी पाइपाचा तुकडा कापून आतून मोजावा, हे मी आता सगळ्यांना सांगते.

उंची काढायची तर गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन चढावर फिरायचं मनात होतं. पण एक सोपी वाट सापडली. पंपाच्या पुढं एनआरव्ही आहे, म्हणजे पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, आणि त्याच्या पुढं पाइपाला अर्ध्या इंचाचा प्लग. प्लग काढून तिथं शून्य ते चार किलोचं प्रेशर गेज बसवलं. मोटर चालवून पाइप भरू दिला, वरून पाणी पडायला लागलं आणि मोटर बंद केली. एनआरव्ही खटकन बसला. आता पाइपात उभं असलेलं पाणी स्वतःच्या वजनानं गेजवर दाब देतं. काटा १.७ वर थांबला. एक किलो म्हणजे जवळपास दहा मीटर पाणी. तर गेजपासून माळावरच्या तोंडापर्यंत १७ मीटर. एनआरव्ही थोडा गळत असला तर काटा हळूहळू उतरतो, म्हणून लगेच वाचायचा. गेजच्या खाली नदीचं पाणी आणखी ४ मीटर. एकूण चढ २१ मीटर.

तेवढ्यानंच माझा उत्साह वाढला. मोटर चालू असताना तोच काटा ३.१ दाखवत होता. चालू असताना ३१ मीटर, बंद असताना १७. मधले १४ मीटर कुठं गेले? ते चढात गेले नव्हते, कारण चढ तर बंद मोटरीलाही तितकाच आहे. ते पाणी वाहतंय म्हणून जात होते. पाइपाच्या भिंतीला घासून, आपल्यातच घुसळून, ऊब होऊन. त्या उबेनं पाणी एका अंशाचे जेमतेम तीन शतांशच तापतं, त्यामुळं हाताला काही कळत नाही.

आता गणितानं या घर्षणाला किती म्हटलं असतं ते पाहू.

सूत्र डार्सी आणि वाइसबाख यांच्या नावाचं आहे. हेन्री डार्सी फ्रान्समधल्या दिजाँ शहराला पाणी आणणारा अभियंता, ज्युलियस वाइसबाख जर्मनीत फ्रायबर्गला खाणकामाच्या विद्यालयात शिकवणारा. दोघं एकोणिसाव्या शतकातले. सूत्र सांगतं, लांबीला व्यासानं भागा, त्याला वेगाच्या वर्गानं गुणा, १९.६२ नं भागा, म्हणजे गुरुत्वाच्या ९.८१ च्या दुपटीनं, आणि शेवटी घर्षणाच्या अंकानं गुणा. उत्तर मीटरमध्ये येतं. तेवढ्या उंचीवर पाणी चढवायला जेवढी ताकद लागेल तेवढी वाटेत गेली. आमचा वेग सेकंदाला बरोबर एक मीटर निघाला.

अडचण घर्षणाच्या अंकाची. तो पाइपाच्या खरखरीतपणावर आणि पाणी कसं वाहतंय यावर ठरतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवलं होतं की हळू वाहणाऱ्या पाण्यात धार सरळ राहते आणि वेग वाढला की फुटून सगळीकडं पसरते. वेगाला व्यासानं गुणून पाण्याच्या चिकटपणानं भागलं की रेनॉल्ड्स अंक मिळतो. दोन हजाराच्या आसपासपर्यंत पाणी थरांनी वाहतं, चार हजाराच्या वर घुसळत वाहतं. आमच्या पाइपात हा अंक १ लाख २८ हजारांवर होता. चार इंची पाइपात शेतीचं पाणी शांत वाहतं असं कुणी समजत असेल तर ते तसं नसतं. आत सतत उकळी फुटल्यासारखी घुसळण चालू असते, आणि म्हणूनच नुकसान वेगाच्या जवळपास वर्गानं वाढतं. पाणी दुप्पट हवं असेल तर घर्षण चौपटीच्या आसपास.

अंक काढायला पूर्वी लुइस मूडीचा १९४४ चा आलेख पाहायचे. या अंकाच्या मूळ सूत्रात तो स्वतःच समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येतो, त्यामुळं अंदाज घालून पुन्हा पुन्हा सोडवावं लागतं. १९७६ मध्ये स्वामी आणि जैन यांनी असं सूत्र दिलं की एकदाच आकडे घातले की उत्तर हातात. मी तेच वापरलं. पीव्हीसी आतून काचेसारखा गुळगुळीत, खरखरीतपणा ०.००१५ मिलिमीटर धरला, उन्हाळ्यातलं ३० अंशांचं पाणी धरलं. अंक आला ०.०१७. ९६० मीटरला घर्षण ८.१ मीटर. पडताळ्याला पाणीपुरवठ्याच्या कामात वापरतात ते हेझन-विल्यम्सचं सूत्रही १५० चा गुणांक घेऊन लावलं. ते ८.६ म्हणालं. दोन वेगळ्या वाटांनी अर्ध्या मीटरच्या आत एकमत झालं म्हणजे मी मोठी चूक करत नव्हते.

बेंड आणि व्हॉल्व्ह राहिले. आमच्या ओळखीचे फिटर पहिल्यापासून सांगत होते, "बेंड लई हाईत लाइनीला, तिथंच पाणी अडतंय." सहा बेंड आहेत. वेगाच्या वर्गाला १९.६२ नं भागलं की वेगाची उंची मिळते. प्रत्येकाला तिच्या, म्हणजे आमच्या वेगाला पाच सेंटिमीटरच्या, नऊ दशांश धरलं तर सहा बेंड मिळून खातात सव्वीस-सत्तावीस सेंटिमीटर. एनआरव्ही, दोन गेट व्हॉल्व्ह, तोंडावरचं सुटणं, सगळं धरून अर्धा मीटर. लांब पाइपलाइनीत बेंड हा फार छोटा दोषी असतो. शेडमधल्या पाच मीटरच्या पाइपात सहा बेंड असते तर गोष्ट निराळी.

तर गणित म्हणतं साडेआठ-पावणेनऊ मीटर, गेज म्हणतं चौदा. पाच मीटरहून जास्त फरक. दोनदा सगळं परत केलं. घरी कुणी झोपायला हाक मारली तरी मी वही मिटली नाही. माझं गणित चुकलं असेल तर मामांनी पंधराची मोटर घेतलेली बरी, आणि गणित बरोबर असेल तर ९६० मीटर जमिनीखाली कुठंतरी पाच मीटर उंचीचं पाणी रोज गिळणारं काहीतरी आहे.

शेवटी सुचलं ते असं: जे शेडमध्ये केलं तेच वाटेत करायचं. कुठल्याही जागी गेज लावा, मोटर चालू असताना वाचा, बंद करून वाचा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या जागेपासून पुढं माळापर्यंतचं घर्षण. उंची आपोआप वजा होते, मोजायला लागतच नाही. पाइपलाइनीवर दोन जागी वर काढलेले तुकडे होते, एक ४८० मीटरवर जुन्या वाटणीच्या व्हॉल्व्हला आणि एक ६४० मीटरवर. मधे नाला.

रविवारी सकाळी वीज आली तशी सुरुवात केली. मी गेजजवळ, आमचे हे शेडमध्ये मोटरीजवळ, मामा माळावर पाणी पडतंय का ते सांगायला. फोनवरून "बंद", "चालू". ४८० मीटरवर फरक ०.९५ किलो, म्हणजे साडेनऊ मीटर. शेडपासून माळापर्यंत १४, इथून पुढं साडेनऊ. याचा अर्थ पहिल्या अर्ध्या लाइनीत फक्त साडेचार गेले. गणितातही पहिल्या अर्ध्याला चार-साडेचारच होते. पहिला अर्धा निर्दोष. ६४० वर गेज हलवलं. फरक ०.३ किलो, तीन मीटर. गणितात शेवटच्या ३२० मीटरला तेवढेच. तोही भाग निर्दोष.

मधल्या १६० मीटरांत साडेसहा मीटर जात होते. जायला हवेत जेमतेम एक-दीड.

मी फोनवर म्हटलं, "मामा, नाल्यात काय आहे?"

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "येतो खाली."

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेला महापूर आला होता. यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं, गावांचे रस्ते तुटले. त्या पुराची फूग, म्हणजे मागं तुंबलेलं पाणी, नाल्यात शिरली आणि उतरताना नाल्यावरची लाइन घेऊन गेली. पूर ओसरला तेव्हा ऊस पिवळा पडत होता, दुकानांत पाइप नव्हता, असला तर आणायला रस्ता धड नव्हता. गोठ्यामागं ठिबकाच्या मेनलाइनीचे अडीच इंची, ७५ मिलिमीटरचे नग पडले होते. मामांनी आणि गावातल्या दोघांनी रिड्यूसर, म्हणजे मोठ्या पाइपाला लहान जोडायचे तुकडे, लावून तेच जोडले. "चार दिसासाठी म्हणून घातलं व्हतं गं. मग वर गाळ बसला, गवात आलं, इसरूनच गेलो बघ." त्यानंतर पाणी कमी झालं, पण पुरानंतर सगळंच बिघडलेलं होतं. मोटरीवर संशय गेला, वाइंडिंग झालं, इम्पेलर झाला.

मामा तिथंच बांधावर बसले. मला त्यांना काय म्हणावं सुचेना. त्या दिवशी त्यांनी ऊस वाचवला होता, हे खरं होतं. एवढंच म्हटलं, "मामा, तो पाइप नसता तर त्या वर्षी माळ वाळून गेला असता." ते म्हणाले, "तरीबी पाच वरसं झाली की."

संध्याकाळी खणून पाहिलं. १८ नग आणि एक तुकडा, ११० मीटर. आतला व्यास ७०. १०३ मधून सेकंदाला एक मीटरनं येणारं पाणी त्यात २.१७ मीटरनं पळत होतं. शंभर मीटरला चार इंचीत घर्षण ०.८४ मीटर, ह्यात ५.४. साडेसहापट. ११० मीटरला सहा मीटर. गणितात घातलं आणि एकूण घर्षण १३.८ आलं. गेज १४ दाखवत होतं. त्या रात्री मी शांत झोपले.

पंधराच्या मोटरीचाही हिशोब आता करता आला. त्याच लाइनीतून १४ लिटर ढकलायचं तर नाल्यातल्या तुकड्यातच १५ मीटर गेले असते, बाकी लाइनीत १८. चढाचे २१ धरून एकूण हेड ५७ मीटरच्या आसपास. पंप साठ टक्के कार्यक्षम धरला तरी त्याला साडेसतरा एचपी लागतात. पंधराची मोटर बसवून, मीटर चालू करूनही १४ लिटर आलंच नसतं.

मार्चमध्ये नाल्यावरचा तुकडा चार इंचीचा केला, या वेळी दोन्ही काठांवर काँक्रीटचे ठोकळे घालून, आणि वरच्या काठाला एअर व्हॉल्व्ह. पाइप जिथं चढून परत उतरतो तिथं हवा अडकून बसते आणि पाण्याची वाट अरुंद करते. आधी तिथं व्हॉल्व्ह नव्हता. ड्रम २० सेकंदांत भरला. सेकंदाला दहा लिटर. पहिल्यापेक्षा वीस टक्के जास्त, आणि तरीही एकर साडेआठ तासांचा.

मी मामांना सांगितलं की आता पूर्ण लाइन १४० ची करायला हवी. आतून १३१ मिलिमीटर. १४ लिटरला घर्षण साडेसहा मीटरच्या आत येतं, एकूण हेड २९, नऊ एचपीत काम होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही जुनी लाइन चांगली हाय न्हवं?"

"चांगली आहे."

"मग ती मातीत कुजवायची कशाला? हिच्याच शेजारनं असलीच दुसरी टाकली तर? दोन्हीतनं निम्मं निम्मं पाणी जाईल."

मला हे सुचलं नव्हतं. बसून केलं. प्रत्येकीतून सात लिटर, वेग ०.८४, घर्षण ५.९ मीटर. एका १४० पेक्षाही कमी. चार इंचीच्या दोन लाइनी मिळून एका १३४ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपाएवढं काम करतात. पीव्हीसीची किंमत वजनावर चालते, आणि १४० च्या एका मीटरमध्ये जेवढं प्लास्टिक आहे त्यात ११० चा दीड मीटरहून जास्त होतो. म्हणजे नव्या पाइपाचा खर्च सरळ चाळीस टक्क्यांच्या आसपास खाली. वर एक लाइन फुटली तर दुसरीवर ऊस जगतो. नदीचं गढूळ पाणी ०.८४ च्या वेगाला गाळ खाली बसू देत नाही, तेही तपासलं. मामा सातवी शिकलेत. पाचवा घात त्यांना कुणी सांगितला नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी पाटाचं पाणी दोन दंडांत वाटलंय, त्यातून त्यांना ते दिसलं असावं.

मे महिन्यात ऊस तुटलेल्या रानातून जेसीबीनं चर मारली, जुन्या लाइनीपासून दीड फूट सोडून. १६० नग. दोन्ही टोकांना जोड करताना मुख्य पाइप मोठाच ठेवला, नाहीतर सगळं पाणी पुन्हा एका अरुंद तोंडातून गेलं असतं.

सक्शनकडं, म्हणजे नदीतून पंपापर्यंतच्या पाइपाकडं, मी वेगळं लक्ष दिलं, कारण पाणी वाढलं की धोका तिथं वाढतो. पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते आत ढकलते. आमचा भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास आहे, इथं हवेचा दाब साडेनऊ मीटर पाण्याइतका. त्यातून चढाचे ४, सक्शन पाइप आणि त्याच्या पाण्यातल्या टोकाला असलेल्या जाळीच्या फूटव्हॉल्व्हचा १, पाण्याच्या वाफेचा जवळपास अर्धा मीटर वजा केला तर चार मीटर हातात राहतात. आमच्या पंपाला तीन लागतात. पुरतं, पण फार शिल्लक नाही. म्हणून सक्शन पाच इंची केला.

मोटर चालू केल्यावर वायरमन अँपिअर बघून काळजीत पडले. आधी १२ घेत होती, आता साडेतेरा. लाइन मोकळी केली तर मोटरीवरचा ताण कमी व्हायला हवा, असा त्यांचा समज. या जातीच्या पंपात उलट होतं, पाणी जास्त उचललं की ताकद जास्त लागते. नेमप्लेटवर १५ आहेत. मी त्यांना ते दाखवलं, आणि त्यांनी पहिला आठवडा रोज येऊन अँपिअर पाहिले.

ड्रम १४ सेकंदांत भरला. गेजचा काटा २.४ वर. मामांनी शेडच्या भिंतीवर चुन्यानं तीन आकडे लिहिले, २४, २०, १४. खाली तारखा.

गेज मी काढलं नाही. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, शाळेत मधल्या सुट्टीत मामांचा फोन आला. "काटा एकोणीसवर बसलाय. पाणीबी कमी पडतंय." म्हणजे १.९. पाणी कमी आणि काटा वर असेल तर पुढं लाइनीत काहीतरी अडलंय. पाणी कमी आणि काटाही खाली असेल तर पंपापर्यंतच पाणी पोचत नाही.

मी म्हटलं, "मामा, फूटव्हॉल्व्ह बघायला लागंल."

"बघितला. जाळीला शेवाळ आणि पाला. काढून चालू केलीया," मामा म्हणाले. "चोवीसवर आलाय काटा. तुला नुसतं सांगायला फोन केला."